नागपूर ते स्वराज द्वीप, आणि तिथून अठरा मीटर खाली

तयारी, नोव्हेंबर ते जानेवारी

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला रात्रभराची गाडी लागतेच. आमच्याकडे समुद्र ही जाऊन पाहून यायची गोष्ट. त्यात उतरायचं, तेही तळापर्यंत, असं आमच्या घरात आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बॉईलचा नियम वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले: दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं. दिवाळीच्या सुट्टीत लेक म्हणाली, “आई, किती वर्षं फळ्यावरच शिकवून राहिली तू? एकदा पाण्याखाली जाऊन पाहू ना.” ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी लागली की सुट्टी तिच्या हातात राहणार नाही, म्हणून फेब्रुवारीत जायचं पक्कं केलं.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. “काऊन जाता वं पाण्याखाली? आमच्या काटोलच्या विहिरीत चाळीस फूट पाणी होतं. नुसतं डोकावलं तरी बाबा ओरडायचे.” त्यांच्या लहानपणी शेजारची एक मुलगी त्या विहिरीत गेली होती. तेव्हापासून पाणी म्हटलं की त्यांचा जीव घाबरा होतो. मी वाद घातला नाही. रोज काय शिकले ते मात्र त्यांना सांगत राहिले.

कुठे जायचं यावर आठवडा गेला. तारकर्ली आपल्या राज्यातलं, एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायचं, केंद्रही तिथे आहे. मालवणला एक डाइव्ह करून आलेले ओळखीत बरेच निघाले. लक्षद्वीपचं पाणी सुंदर, पण तिथे परमिट लागतं, राहायच्या जागा थोड्या आणि जायचं मुख्यतः कोचीवरून. अंदमानात स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, भारतीयांना परमिट लागत नाही, शिकवणाऱ्या शाळा भरपूर आहेत आणि जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो. आम्हाला नुसतं उतरून यायचं नव्हतं, शिकायचं होतं. इन्स्ट्रक्टरच्या हातात हात देऊन बारा मीटरपर्यंत जायची एक डाइव्ह कुणीही करू शकतं. ‘ओपन वॉटर’ कोर्समध्ये मात्र थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि चार डाइव्ह असतात. तो पूर्ण केला की अठरा मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाता येतं. कोर्सचे माणशी तीस हजारांच्या वर लागले. रक्कम मोठी आहे, आम्ही वर्षभर बाजूला टाकत होतो.

मग आला तब्येतीचा फॉर्म. दमा, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाचा आजार, पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर कोलेस्टेरॉल, रक्तदाब. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर डॉक्टरची सही आणावी लागते. माझं वय अठ्ठेचाळीस आणि कोलेस्टेरॉल काठावर. खोटं ‘नाही’ लिहून मोकळे होणारे लोक असतात, पण माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की हे करू नका. रामदासपेठेतल्या फिजिशियनने ईसीजी काढून सही दिली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी डाव्या कानाचा पडदा पाहिला आणि नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच हवा कानाकडे ढकलायला शिकवलं. “जोर लावू नका. दुखायच्या आधी करा, दुखल्यावर नाही.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

मला उणे चारचा चष्मा आहे. डाइव्हिंगच्या शाळेला आधीच ईमेल केला, त्यांच्याकडे नंबरच्या काचांचा मास्क होता. चष्मेवाल्यांनी एवढं जरूर विचारून घ्यावं.

एका गोष्टीचा मात्र अजूनही राग येतो. पहिल्यांदा एका ट्रॅव्हल एजंटकडून पॅकेज घेतलं होतं. त्याच्या आखणीत शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान होतं! दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडला तर ठीक. दाब एकदम उतरला तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तसं शरीरात होतं. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमीच असतो. त्यामुळे अनेक दिवस डाइव्ह केल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं, आणि बरेच जण पूर्ण चोवीस तास ठेवतात. एजंटला सांगितलं तर म्हणाला, “मॅडम, सगळेच असे जातात.” बुकिंग रद्द केलं. त्यात थोडे पैसे बुडाले. मग आखणी आम्हीच केली आणि दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवले. एक विमानाआधी कोरडा राहायला, दुसरा बोट रद्द झालीच तर हाताशी असावा म्हणून.

डिसेंबर-जानेवारीत शनिवार-रविवार अंबाझरीकडच्या तरणतलावावर जायचो. नागपूरच्या थंडीत तिथे आम्ही दोघी आणि दोन-चार म्हातारे पट्टीचे पोहणारे, एवढेच. दोनशे मीटर न थांबता पोहायचं आणि दहा मिनिटं तरंगत राहायचं, ही कोर्सची अट. दोनशे मीटर तीन आठवड्यांत जमले. तरंगणं जड गेलं, कारण त्यात काहीच न करता पडून राहायचं असतं आणि मला तेच येत नव्हतं. एका आजोबांनी पाहून सांगितलं, “श्वास मोजा, ताई. हातपाय विसरा.” त्या दिवशी पहिल्यांदा दहा मिनिटं झाली.

पहिला आणि दुसरा दिवस

संध्याकाळी नागपूर स्टेशनवरून गीतांजली एक्सप्रेस. विमानानेही कोलकाता गाठता आलं असतं, पण गाडीत थिअरीची उजळणी करायची होती. बॅगेत काटोलच्या बागेतली मृग बहाराची चार किलो संत्री, संत्रा बर्फीचे दोन डबे आणि सासूबाईंनी दोघींच्या मनगटाला बांधलेला लाल दोरा. दुर्ग-रायपूरपर्यंत लेक मला प्रश्न विचारत होती: अंगठा वर म्हणजे काय? ‘वर चला’. ‘छान’ नव्हे. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. कोलकात्यात फक्त जेवलो आणि झोपलो.

तिसरा दिवस

पहाटेचं विमान. दोन तास नुसतं पाणी, आणि मग खिडकीखाली गर्द हिरवे तुकडे, प्रत्येकाभोवती फिकट निळी किनार. ती किनार म्हणजे उथळ पाण्यातली प्रवाळाची रांग, हे लेकीने मला सांगितलं. मी मान बाहेर काढल्यासारखी काचेला चिकटून होते.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम. दुपारी सेल्युलर जेलमध्ये गेलो. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या सात विंगांपैकी तीनच उरल्या आहेत. सावरकर १९११ मध्ये इथे आले आणि दहा वर्षं राहिले, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोठडीत उभं राहिलं की बोलावंसं वाटत नाही. ज्या पाण्याकडे आम्ही सुट्टी काढून, पैसे साठवून आलो, तेच त्या माणसांच्या भोवतीची भिंत होतं. बाहेर येऊन आम्ही बराच वेळ समुद्राकडे तोंड करून बसलो.

चौथा दिवस

सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप, दीड-दोन तास. ओकारीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घेतली होती, तरी लेकीचा चेहरा उतरला. संत्र्याच्या सालीचा वास घेत ती बसून राहिली.

बेट लहान. गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, श्यामनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं, त्यांनी ठेवलेली ही नावं. किनाऱ्यांना मात्र नंबर: तीन, पाच, सात. आमचा इन्स्ट्रक्टर गोविंदनगरचाच, आजोबांच्या पिढीपासून इथला. विशी-पंचविशीतला मुलगा, पण पाण्यात उतरला की आवाजात वडीलधाऱ्या माणसाचा ठामपणा. मला ‘दीदी’ म्हणायचा.

मोबाईलला रेंज जेमतेम आणि एटीएम थोडी. रोख पैसे घेऊन जा. सूर्य इथे नागपूरपेक्षा जवळजवळ तासभर आधी उगवतो आणि घड्याळ तेच, म्हणून साडेपाचला संध्याकाळ संपते आणि सगळं गाव लवकर निजतं. आम्हीही नऊला झोपलो.

पाचवा दिवस

आज उथळ पाण्यातला सराव. किनाऱ्यावरून चालतच आत जायचं. जमिनीवर हे सामान म्हणजे ओझं: पाठीवर सिलिंडर, हवा भरायचं जॅकेट (त्याला सगळे बीसीडी म्हणतात), कमरेला शिशाचे वजनी तुकडे, हातात फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख. माझे गुडघे कुरकुरले. छातीभर पाण्यात गेल्यावर ते सगळं वजन एकदम नाहीसं झालं.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारं तोंडातलं यंत्र, तोंडात धरून पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घेतलं तेव्हा श्वास अडला. शरीराला ते पटतच नाही. चेहरा पाण्यात आणि छाती हवा मागतेय, चाळीस-पन्नास वर्षांची सवय सांगते की थांबव. मी थांबवला. इन्स्ट्रक्टरने माझ्या समोर येऊन हात हळूहळू छातीपासून पुढे नेला आणि परत आणला. बाहेर, आत. बाहेर, आत. तिसऱ्या श्वासाला रेग्युलेटरमधून खरखरत हवा आली आणि बुडबुडे कानामागून वर गेले. तरणतलावावरचे आजोबा आठवले.

स्कूबाचा पहिला नियम एवढाच: श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा फुगते, आणि बाहेर जायला वाट नसेल तर ती फुप्फुस फाडते. हे मी वर्गात फुग्याच्या उदाहरणाने शिकवते. यापुढे ते मी वेगळ्या आवाजात शिकवीन.

नंतर मास्क. आधी तो अर्धा पाण्याने भरायचा, मग पूर्ण, मग काढून हातात धरायचा आणि पुन्हा घालायचा. दोन मीटर पाण्यात, गुडघ्यांवर बसून. पाणी नाकाला लागलं त्या क्षणी मी पाय मारून वर निघाले. त्याने बीसीडीचा पट्टा धरला, मला हलू दिलं नाही, पण ओढलंही नाही. मी त्याच्या हाताची पकड तेवढी जाणली, डोळे घट्ट मिटलेले, नाकाच्या शेंड्यावर गार खारं पाणी. तोंडाने श्वास चालूच होता! हे लक्षात यायला मला चार-पाच सेकंद लागले असतील. मग मास्क चेहऱ्याला लावला, वरची कड बोटांनी दाबली, मान मागे केली आणि नाकातून जोरात हवा सोडली. पाणी खालच्या कडेने निघून गेलं. डोळे उघडले तर लेक समोर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ‘छान’चं वर्तुळ करत होती.

हे मी चार वेळा केलं. तिसऱ्या वेळी चुकलं, पुन्हा नाकात पाणी गेलं. चौथ्या वेळी घाई केली नाही. रात्री डोळे चुरचुरत होते आणि मी फार आनंदात होते.

सहावा दिवस

सकाळी बोटीने पहिली खरी डाइव्ह. काठावर बसून मागे कलंडायचं, की आकाश फिरतं आणि पाणी वर येतं. दोरी धरून खाली निघालो. तीन मीटरला कान ठीक. चार मीटरला डाव्या कानात सुई टोचल्यासारखं. मी हात आडवा हलवून खूण केली आणि कानाकडे बोट दाखवलं. इन्स्ट्रक्टर मला मीटरभर वर घेऊन आला. मान उजवीकडे झुकवली, गिळलं, नाक धरून हळूच हवा दिली. काही नाही. पुन्हा. खाली लेक दुसऱ्या सहायकासोबत थांबली होती, आणि आपल्यामुळे सगळे खोळंबले या भावनेने मला जोर लावायचा मोह झाला. वहीतलं वाक्य आठवलं. आणखी अर्धा मीटर वर. तिसऱ्या वेळी आत ‘चुर्र’ असा बारीक आवाज झाला आणि सुई निघाली. तिथून दर मीटरला, दुखायच्या आधी.

दहा मीटरवर त्याने खिशातून झाकण लावलेली पाण्याची रिकामी बाटली काढली. वर टणक होती. इथे तिची पोटं आत गेली होती, कुणीतरी मुठीत चुरगळावी तशी. दाब दुप्पट, आकारमान निम्मं. वीस वर्षं जे फळ्यावर लिहिलं ते माझ्या हातात होतं. मी ती बाटली उगाच जास्त वेळ धरून ठेवली.

आणि मग मासे. ऍनिमोन नावाच्या समुद्री जीवाच्या हलत्या बोटांमधून नारिंगी-पांढरे विदूषक मासे डोकं काढत होते, अंगठ्याएवढे, पण मास्कजवळ येऊन आम्हाला हाकलत होते. दगडाच्या फटीत एक मोठी वाम तोंड उघडझाप करत बसलेली. ती चावायला नव्हे, श्वासासाठी तसं करते. वाळूवर निळ्या ठिपक्यांचं पाकट. सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो आवाज. समुद्राखाली शांतता असते असं मला वाटायचं. प्रत्यक्षात कुणीतरी सतत खडीसाखर फोडत असावं असा करकर आवाज येत होता. हिरव्या-निळ्या पोपटमाशांचा थवा चोचीने प्रवाळाचा खडक खरवडून त्यावरचं शेवाळ खात होता. पोटात दळलेला चुनखडक ते पांढरी वाळू म्हणून बाहेर टाकतात. आम्ही सकाळी ज्या वाळूवरून चालत आलो, तिच्यातली काही त्यांनीच दळलेली.

दुपारी दुसरी डाइव्ह. त्यात काही जागी प्रवाळ करडं, मोडलेलं, शेवाळलेलं दिसलं. वर आल्यावर विचारलं. इन्स्ट्रक्टर थोडा वेळ बोलला नाही. २०१० साली समुद्र तापला तेव्हा इथलं खूप प्रवाळ पांढरं पडून मेलं, त्यानंतर २०१६ मध्येही फटका बसला. प्रवाळाच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग आणि अन्न देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतं आणि उपाशी राहतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कूलर लावून निभावून नेणाऱ्या आम्हा नागपूरकरांना एका अंशाचं काय! पण त्या जिवाला सावलीत जाता येत नाही. बोटीवर बसून मला खरंच रडू आलं.

म्हणून सांगते, तिथे जाल तर काही धरू नका, कशावर उभं राहू नका, फिन्स प्रवाळाला लागू देऊ नका. तरंगण्याचा तोल आधी शिका आणि मगच फोटो काढा. मेलेलं प्रवाळही उचलून आणू नका, तो गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

सातवा दिवस

शेवटच्या दोन डाइव्ह. अठरा मीटर. वरून प्रकाश येत होता, पण सगळं निळं झालेलं. मनगटाकडे पाहिलं तर सासूबाईंचा लाल दोरा काळपट तपकिरी दिसत होता. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. इन्स्ट्रक्टरने त्यावर टॉर्च मारला आणि दोरा एकदम कुंकवासारखा लाल झाला. लेकीने आपलं मनगट शेजारी धरलं. दोघींचे दोरे त्या उजेडात, आणि भोवती अठरा मीटर पाणी.

तितक्यात तिने माझा खांदा दाबला. उजवीकडे एक कासव, परातीएवढं, कुठलीही घाई नसलेलं, पंखासारखे पाय हलवत आमच्या वरून गेलं. त्याच्या पोटाखालचा फिकट पिवळा रंग दिसला. आम्ही हललो नाही.

पहिल्या डाइव्हला माझी हवा चौतीस मिनिटांत संपत आली होती. या वेळी सत्तेचाळीस मिनिटं पुरली, आणि सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा पन्नास बारवर यायच्या आत वर निघालो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, नायट्रोजन निघून जायला. दोरीला धरून लेकीचे बुडबुडे माझ्या बुडबुड्यांत मिसळताना पाहत ती तीन मिनिटं काढली.

आठवा दिवस

कोरडा दिवस. राधानगरच्या सात नंबर किनाऱ्यावर गेलो. उंच झाडांचं जंगल थेट वाळूपर्यंत येतं आणि संध्याकाळी लोक सूर्यास्ताला जमतात. उरलेली संत्री आणि बर्फी इन्स्ट्रक्टरच्या घरी दिली. त्याच्या आईने मासे-भात वाढला आणि संत्र्याच्या बिया पुरचुंडीत बांधून ठेवल्या. इथे येईल का रोप, तिने विचारलं. खारी हवा आणि पाऊस पाहता मला शंका आहे, पण मी लावून बघा म्हटलं.

नववा आणि दहावा दिवस

सकाळी वारा सुटला आणि आमची बोट दुपारवर ढकलली. दोन कुटुंबांचं संध्याकाळचं विमान चुकलं. आमचं दुसऱ्या दिवशीचं होतं. त्या मोकळ्या दिवसाचे पैसे तिथेच वसूल झाले. विमानात बसलो तेव्हा शेवटच्या डाइव्हला साठ तासांच्या वर होऊन गेले होते. कोलकात्यावरून रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरलो.

सासूबाई जाग्याच होत्या. आधी दोघींच्या मनगटावरचे दोरे पाहिले, मग विचारलं, “किती खोल गेलात?”

“अठरा मीटर, आजी. साठ फूट.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “म्हणजे आमच्या काटोलच्या विहिरीहून खोल.”

लेकीने फोनवर सहायकाने काढलेला कासवाचा व्हिडिओ लावला. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. “आत इतका उजेड असतो?” म्हणाल्या. मग परत लावायला सांगितला.